खटला नसलेल्या व्यक्तीला न्यायदालनात बसता येत नाही का?

‘ज्याचा खटला नाही, त्याला न्यायदालनात प्रवेश नसतो,’ असा समज अनेक वर्षे पुढे पाठवला जात आहे. न्यायालयातील गंभीर वातावरण पाहता तो पटणे स्वाभाविक आहे, पण वस्तुस्थिती निराळी आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे कलम १० निष्पक्ष आणि जाहीर सुनावणी हा प्रत्येकाचा हक्क मानते. आणि सुनावणी जाहीर असणे याचा अर्थच असा, की प्रकरणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीलाही, जागा असेल तर, ती शांतपणे पाहता यावी. लोकांच्या नजरेसमोर बोलताना न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार यांना आपल्या शब्दांची जबाबदारी अधिक जाणवते, आणि माझ्या मते या तत्त्वाचे खरे मोल इथेच आहे.

अपवाद आहेत. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम १४ पक्षकारांचे खासगी आयुष्य किंवा राष्ट्रीय सुरक्षा अशा कारणांसाठी बंद दालनातील सुनावणीला मुभा देते. ही दोन्ही कलमे कोणालाही वाचता येतात. एखाद्या विशिष्ट दिवसाबद्दल शंका असेल, तर सुनावणी खुली आहे का, हे दालनातील कर्मचाऱ्याला विचारावे. आत जाताना फोन बंद ठेवावा, न्यायाधीश येताच उभे राहावे आणि परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये.