ग्राफिकल इंटरफेस

पडद्यावरील चिन्हे, खिडक्या, मेन्यू आणि माउसचा बाण यांच्या साहाय्याने संगणक चालविण्याची पद्धती. मराठीत ‘चित्रात्मक आंतरपृष्ठ’ असा प्रतिशब्द काही कोशकार योजतात. नागपुरात बोलताना मात्र ‘विंडोज’ हा एकच शब्द या सर्वांसाठी चालतो. या पद्धतीपूर्वी प्रत्येक आज्ञा पाठ करून टाइप करावी लागे.

उगम : जनकत्वाबद्दल एकमत नाही. आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ या पडद्यावर रेखाटन करण्याच्या प्रोग्रामपासून (१९६३) काही अभ्यासक आरंभ धरतात, तर काही जण डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखविलेल्या माउसच्या प्रात्यक्षिकापासून. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये खिडक्या आणि माउस असलेले ‘ऑल्टो’ हे संगणकयंत्र तयार झाले. १९७९ मध्ये ॲपलच्या मंडळींनी या केंद्राला भेट दिली आणि ‘ॲपलने कल्पना चोरली’ ही कथा तेथूनच रूढ झाली. ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. एक तर ॲपलचे एक लाख शेअर सुमारे दहा लाख डॉलरना घेण्याची संधी मिळाल्यावरच झेरॉक्सने ही दारे उघडली होती. शिवाय ॲपलमध्ये जेफ रास्किन यांचा मॅकिंतॉश संगणकाचा प्रकल्प त्याआधीच सुरू झाला होता. एकावर एक ठेवलेल्या खिडक्यांपैकी झाकलेला भागही ऑल्टोवर ताजा होत राहतो, असा ॲपलचे प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांचा ग्रह झाला. वास्तविक तसे होत नव्हते. पण त्या गैरसमजातून त्यांनी ते तंत्र स्वतः घडविले. चोरीपेक्षा क्रमविकास हेच वर्णन येथे अधिक योग्य वाटते.

प्रसार मुख्यतः किमतीने ठरला. झेरॉक्स ‘स्टार’ (१९८१) सुमारे १६,५०० डॉलर, ॲपल ‘लिसा’ (१९८३) ९,९९५ डॉलर, तर जानेवारी १९८४ चा मॅकिंतॉश २,४९५ डॉलर. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या एकमेकींवर येत नसत, शेजारी शेजारी मांडाव्या लागत. खरा पसारा विंडोज ३.० (१९९०) आणि विंडोज ९५ नंतरचा.

देवनागरी : माउस आणि खिडक्यांचे कौतुक सर्वत्र होते, मराठी लेखनाच्या दृष्टीने मात्र ठिपक्याठिपक्यांनी रंगविता येणारा पडदा हा या पद्धतीचा सर्वांत मोलाचा भाग होय. जुन्या पीसीच्या पडद्यावर ८० रकाने, २५ ओळी असत आणि प्रत्येक घरात चिपमध्ये कायम कोरलेल्या २५६ आकृत्यांपैकी एकच मावे. ‘मूर्ती’ हा शब्द घ्या : मच्या पायाशी दीर्घ ऊकार, ‘ती’च्या डोक्यावर वेलांटीसोबत रफार. ठरावीक चौकटीत तो बसायचा कसा? पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे ‘जिस्ट’ कार्ड यंत्रात बसवून ही अडचण सोडवीत. ग्राफिकल पडद्यावर अक्षर हेच चित्र झाले आणि कार्डाऐवजी फाँटची एक फाइल पुरेशी ठरली.

नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिंदी आणि मराठी दोन्ही टाइप करणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. सिव्हिल लाइन्सचे कोर्ट असो की सीताबर्डीतील डीटीपीचे दुकान, टाइपरायटर गेला तरी बोटांची सवय गेली नाही. कारण ‘कृतिदेव’सारख्या फाँटनी रेमिंग्टन टाइपरायटरचीच कळरचना ठेवली. परंतु अशा फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरेच साठविलेली असतात. फाँट नसलेल्या संगणकावर ‘नागपूर’ उघडले, तर यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी सहा अक्षरे ओळीने दिसतात. विंडोज २००० पासून युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) देवनागरीची सोय आली, तेव्हा अक्षराला चित्राबरोबर स्वतःची ओळखही मिळाली. कृतिदेवमधील जुने अर्ज, दस्तऐवज आणि पत्रिका मात्र आजही आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.