जायबंदी सावज : माग कधी काढावा

जायबंदी सावजाचा माग : गोळी किंवा बाण लागूनही जागच्या जागी न पडलेल्या जनावराच्या मागे केव्हा निघायचे, तोवर किती वेळ थांबायचे आणि ते पडलेले दिसल्यावर त्याच्या जवळ कसे जायचे, यासंबंधीचे शिकारीतील ज्ञान व रीत. नेम पूर्ण चुकला तर सावज निसटते, तेवढ्यावर भागते. नेम अर्धवट लागला आणि नंतर घाई झाली, तर जनावर तासन्‌तास तडफडत दूर कुठेतरी मरते आणि हाती लागत नाही. ते रानडुक्कर, अस्वल किंवा बिबट्या असेल तर माणसाच्याही जिवावर बेतते. जाणते शिकारी नवख्याला पारखतात ते बार झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात.

थांबण्याचे कारण

सस्तन प्राण्याच्या अंगात त्याच्या वजनाच्या साधारण ७ टक्के रक्त असते. ७० किलोच्या हरणात सुमारे ५ लिटर. त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडे अधिक झपाट्याने वाहून गेले की रक्तदाब कोसळतो आणि जनावर उभे राहू शकत नाही. हृदय किंवा दोन्ही फुप्फुसे फुटली तर हे पाहता पाहता घडते. तरीही रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदू १० ते १५ सेकंद काम करत राहतो, आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने सुटलेले हरीण एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर कापते. काळजात गोळी बसलेले हरीण शे-दीडशे मीटरवर सापडते ते त्यामुळेच. त्याची धाव पाहून बार फुकट गेला असे समजणे ही नवख्याची नेहमीची चूक आहे.

यकृत, पोट किंवा आतडी फुटली असतील तर रक्त सावकाश जाते. अशा जनावराला कोणी मागे लागलेले जाणवले नाही, तर ते फार लांब जात नाही. पहिल्या दाट जाळीत शिरते, पुष्कळदा आल्या वाटेकडे तोंड करून बसते आणि बसल्या जागीच क्षीण होत जाते. मात्र पावलांची चाहूल लागली की अंगात ॲड्रेनॅलिन उसळते, ते उठते, आणि पुन्हा बसते ते पार दूर जाऊन. तोवर जखमेच्या तोंडाशी चरबी किंवा आतड्याचा पदर येऊन बाहेरचा रक्तस्राव थांबलेला असतो, म्हणजे मागही तुटतो. पहिल्या बसल्या जागेवरून उठवलेले जनावर बहुधा हातचे जाते. थांबण्याची सगळी रीत त्या एका जागेसाठी आहे.

छातीत नीट बसलेल्या बारानंतर खरे तर थांबायची गरज नसते. जनावर मिनिटभरात मेलेले असते. तरीही जगभर अर्धा तास थांबण्याची शिस्त सांगतात. बार नेमका कुठे लागला याविषयी त्या क्षणी शिकाऱ्याला वाटणारी खात्री भरवशाची नसते, आणि अर्ध्या तासात हातापायांची थरथरही ओसरते.

कुठे लागले ते ओळखणे

किती थांबायचे हे जखम कुठे आहे यावर ठरते, आणि त्याची पहिली साक्ष जनावर स्वतः देते. छातीच्या खालच्या भागात, हृदयाजवळ लागले तर ते पुष्कळदा मागचे पाय झाडून उसळी मारते आणि मान खाली घालून वेड्यासारखे सुटते. पोटात लागले तर पाठीला बाक येतो, शेपटी आत जाते आणि ते आखडत, कधी चक्क चालत निघून जाते. पुढचा पाय मोडला तर खांद्यावर कोसळून सावरते.

जागेवर कोसळलेल्या जनावराने मात्र फसू नये. पाठीच्या कण्यावरच्या हाडाच्या टोकांना गोळी चाटून गेली तर धक्क्याने जनावर वीज पडल्यासारखे आडवे होते, पाय झाडते, आणि थोड्याच वेळात उठून पळते. जीवघेणी इजा झालेलीच नसते. म्हणून पडलेल्या जनावरावरचा नेम न हटवता दुसरी गोळी भरून थांबायचे. बंदूक झाडाला टेकवून आनंदाने पुढे धावलेल्यांनी अशी कितीतरी सावजे गमावली आहेत.

यानंतर जनावर उभे होते ती जागा. बार टाकला तिथून ती जागा झाड किंवा दगडाच्या खुणेने मनात पक्की करायची, कारण तिथे पोचल्यावर सगळे गवत सारखेच दिसते. शांतपणे तिथवर जाऊन खुणा पाहता येतात, पुढे जायचे नाही. कापले गेलेले केस पांढरे असतील तर बार खाली, पोटाकडे गेला. लांब, राठ आणि गडद असतील तर वर, पाठीकडे. चपट्या पातळ हाडाचा तुकडा बरगडीचा असतो, तर नळीसारखा, आतून मगज चिकटलेला तुकडा पायाचा.

सर्वांत बोलके असते ते रक्त. गुलाबी, बारीक बुडबुड्यांचे फेसाळ रक्त फुप्फुसाचे. काळपट तांबडे, दाट रक्त यकृताचे. लख्ख लाल, आधी भरपूर आणि मग कमी कमी होत जाणारे रक्त बहुतेक वेळा नुसत्या मांसाचे. पोटाच्या जखमेत रक्त जवळजवळ नसतेच. बाण आरपार गेला असेल तर तो जमिनीतून उपसून बोटांत फिरवून पाहावा: पिसांवर पाणीदार तपकिरी थर, त्यात चघळलेल्या गवताचे हिरवे कण, आणि नाकाशी नेताच आंबलेल्या चाऱ्याचा उग्र भपका. हा वास आला की पावले मागे घ्यायची आणि घड्याळ पाहायचे.

रक्त दिसत नाही म्हणजे बार चुकला असेही नाही. वरून शिरलेली आणि खालून बाहेर न पडलेली गोळी छातीची पोकळी आतच भरते. रक्त सांडायला लागते ते वीस-पन्नास मीटर पुढे. पानावरचा लाल ठिपका रक्ताचा की रोगाचा हा संशय असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाकतात. रक्त असेल तर फेस येतो.

किती वेळ

रूढ अदमास असे आहेत. फुप्फुस वा हृदय : अर्धा तास. यकृत : ३ ते ४ तास. पोट आणि आतडी : बाणाने ८ ते १२ तास, गोळीने निदान ४ ते ६ तास. हा फरक पडतो कारण बाण फक्त चिरत जातो, तर वेगवान गोळी आजूबाजूच्या ऊतीही फाडते. संध्याकाळी पोटात बार बसला तर सकाळपर्यंत थांबणे हाच बहुतेकांचा नियम. खुणा एकमेकींशी जुळत नसतील तर सर्वांत सावकाश मारणारी जखम धरून चालावे; मेलेल्या जनावराकडे चार तास उशिरा गेल्याने त्याला काही होत नाही.

माणसाचे मात्र नुकसान होते, म्हणजे मांसाचे. आतडी फुटलेल्या जनावराचे मांस उष्ण हवेत रात्रभरात नासते, आणि कोल्हे-तरस सकाळची वाट पाहत नाहीत. पाऊस रक्त धुऊन नेतो, हिमवर्षाव ठसे बुजवतो. आभाळ भरून आल्यावर काय करायचे यावर शिकाऱ्यांत जुना वाद आहे. छातीची खूण पक्की असेल तर पावसाआधी निघण्यात काही चूक नाही. पोटाची जखम असेल तर पावसातही थांबणेच बरे, कारण धुतलेल्या मागावर कुत्र्याला पुष्कळदा काही तरी सापडते, उठून गेलेल्या जनावराला मात्र गाठणे फार अवघड होते. मांस नासले तर ती शिकाऱ्याच्या बाराची किंमत आहे. ती जनावराकडून वसूल करू नये.

दोन जखमा या हिशेबात बसत नाहीत. पाय मोडलेले जनावर रक्तस्रावाने मरेलच असे नाही, आणि जबड्याला लागलेले तर दिवसेंदिवस उपाशी राहून मरते. तिथे वाट पाहून मृत्यू येत नाही. अशा जनावराला गाठून रोखून धरणारा तयार कुत्रा लागतो.

कुत्रे आणि कायदा

माग काढणारे कुत्रे थांबण्याचा धोका कमी करतात. या कामासाठी हॅनोव्हर आणि बव्हेरिया या जर्मन प्रदेशांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती मुद्दाम घडवल्या गेल्या. जर्मनीतील एका प्रमुख चाचणीत कुत्र्याला किमान १,००० मीटरचा माग काढावा लागतो. त्यावर जास्तीत जास्त पाव लिटर रक्त शिंपडलेले असते, आणि माग किमान २० तास, कठीण प्रकारात ४० तास जुना असतो. रात्रभर थांबायला न घाबरण्याचे बळ इथून येते. स्वीडनमध्ये मूस (उत्तरेकडचे अवाढव्य हरीण), हरीण यांसारख्या जनावरांच्या शिकारीत बार झाल्यापासून २ तासांच्या आत तयार कुत्रा जागेवर पोचू शकेल अशी सोय असणे नियमाने बंधनकारक आहे.

जर्मनीच्या शिकार कायद्यातील कलम २२अ म्हणते की जखमी जनावराला टाळता येण्याजोग्या वेदना होऊ नयेत म्हणून ते विनाविलंब मारावे. वरकरणी हे थांबण्याच्या विरुद्ध वाटते. पण चाहूल लागून उठलेले जनावर अधिक काळ वेदना भोगते, म्हणून प्रत्यक्षात विनाविलंब याचा अर्थ मागाची तयारी ताबडतोब सुरू करणे असा घेतला जातो.

थांबण्याची सर्वांत जुनी आणि नेमकी जाण असलेल्यांत आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या सान लोकांचे शिकारी येतात. त्यांच्या हलक्या बाणाने जनावर मरत नाही. मरते ते एका भुंग्याच्या अळीपासून काढलेल्या विषाने. हे विष टोकाला न लावता टोकामागच्या दांडीला लावतात, म्हणजे चुकून ओरखडा गेला तरी माणूस वाचतो. बाण लागल्यावर ते ठसे नीट पाहून ठेवतात, वस्तीवर परततात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी माग काढतात. जिराफासारखे मोठे जनावर पडायला काही दिवसही लागतात.

धोक्याची जनावरे

आफ्रिकी रानरेडा, सिंह, बिबट्या, अस्वल आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत थांबण्याला आणखी एक अर्थ येतो : आपल्या मागे येणाऱ्यासाठी ते दबा धरून बसलेले असू शकते. जखमी बिबट्या हातभर अंतरावर येईपर्यंत आवाज करत नाही. म्हणून दाट जाळीत एकट्याने आणि अंधारात शिरायचे नाही. दोघांत एकाने खाली मागावर नजर ठेवायची, दुसऱ्याने फक्त समोर पाहायचे. दोघांनीही खाली पाहिले की अपघात होतो.

पण अशा जनावराचा पाठपुरावा सोडून देणेही परवडत नाही, कारण जखमी होऊन सुटलेले जनावर पुढे माणसांवर उलटू शकते. १९०७ मध्ये मारली गेलेली कुमाऊंतील चंपावतची नरभक्षक वाघीण ४३६ माणसांच्या मृत्यूला कारण ठरल्याचे सांगतात. तिचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते, आणि त्यामुळे नेहमीची शिकार न जमून ती माणसांकडे वळली असे मानतात.

जवळ जाताना

रक्ताच्या मागावरून न चालता त्याच्या बाजूने चालावे, म्हणजे खुणा पुसत नाहीत. शेवटच्या ठिपक्याशी कागदाचा किंवा कापडाचा तुकडा अडकवत गेले की मागे वळून पाहिल्यावर जनावराची दिशा रेघेसारखी दिसते, आणि पुढचा ठिपका बहुधा त्याच रेघेत सापडतो. पुढे ते बसलेले दिसले आणि डोके वर असेल, तर बार टाकण्याजोगी बाजू नसल्यास आल्या पावली हळूच मागे सरकून आणखी काही तास द्यावेत.

आडवे पडलेले दिसले तर दहा-पंधरा मीटरवर थांबून बरगड्या हलतात का ते पाहायचे. मिटलेले डोळे ही वाईट खूण. मेलेल्या जनावराचे डोळे बहुतेक उघडेच राहतात आणि त्यांवर लवकरच निस्तेजपणा येतो. जायचे ते पाठीच्या बाजूने, खुरांच्या आणि शिंगांच्या टप्प्याबाहेरून, उतार असेल तर वरच्या अंगाने. शेवटी लांब काठीच्या टोकाने उघड्या डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली तर जनावर जिवंत आहे : दोन पावले मागे येऊन लगेच शेवटचा बार टाकायचा. हलली नाही, तर बंदूक रिकामी करून मगच त्याला हात लावायचा.