गुरबाणीचे व्याकरण

गुरू ग्रंथसाहिब या शीख धर्मग्रंथातील पदे म्हणजे गुरबाणी. तिच्या भाषेचे, विशेषतः शब्दांच्या शेवटी येणाऱ्या ऱ्हस्व स्वरांचे नियम. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये अमृतसर येथे आदिग्रंथ, म्हणजे या ग्रंथाचे मूळ रूप, सिद्ध केला. लेखनिक भाई गुरदास होते. नववे गुरू तेगबहादुर यांची पदे पुढे त्यात आली. प्रचलित छापील प्रतीत १,४३० पृष्ठे असून पृष्ठाला ‘अंग’ म्हणतात.

जुन्या हस्तलिखितांत शब्द सलग, ‘लडीवार’ लिहिलेले असत. कोठे तोडायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे, आणि तेथे अन्त्य स्वराचा आधार मोठा. पुल्लिंगी एकवचनी नामाला कर्ता किंवा कर्म असताना उकार लागतो : नामु, पुरखु. अनेकवचनात व शब्दयोगी अव्ययापूर्वी तो गळतो. इकाराने करण किंवा अधिकरण दाखवले जाते : गुरि ‘गुरूने’, मनि ‘मनात’. ग्रंथाच्या आरंभीच्या मूलमंत्राच्या शेवटच्या ‘गुर प्रसादि’मध्ये ‘गुर’ उकारहीन आहे, म्हणून संबंधदर्शक, ‘प्रसादि’ इकारान्त, अर्थ ‘गुरूच्या कृपेने’. ही दोन्ही पदे ईश्वराची विशेषणे मानणाऱ्यांना इकाराचा उलगडा करता येत नाही. पठण करताना मात्र हे स्वर सहसा उच्चारले जात नाहीत.

उकार हा अपभ्रंशाचा, म्हणजे प्राकृत आणि आधुनिक भाषा यांमधल्या टप्प्यातील भाषेचा, वारसा असावा. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचे ‘गणेशु’, ‘निवृत्तिदासु’ ज्याच्या कानात आहेत त्या मराठी वाचकाला तो परका वाटू नये. खाकु, जिंदु, वसतु या स्त्रीलिंगी शब्दांतही उकार आहे, पण तो मूळ शब्दाचाच. त्याने नियमाला बाध येत नाही. १८७७ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या अर्न्स्ट ट्रुम्प यांना ग्रंथ विस्कळीत वाटला. प्रा. साहिबसिंग (१८९२–१९७७) यांनी मात्र या स्वरांमागे सुसंगत व्यवस्था दाखवली. तेच मत अधिक ग्राह्य ठरते.

शीख धर्माच्या वेगळेपणाच्या वादातही अर्थनिर्णयाचा हा प्रश्न गुंतला आहे. निर्मळा या शीख साधूंच्या पंथातील भाष्यकार बाणीचा अर्थ वेदान्ताच्या अंगाने लावीत. एकोणिसाव्या शतकातील सिंगसभा या शीख सुधारणा चळवळीने ती वाट सोडली. नाभ्याच्या काहनसिंग या शीख विद्वानाची ‘हम हिंदू नहीं’ ही पुस्तिका साधारणपणे १८९८ मधील मानतात. या वादात ‘ना हम हिंदू न मुसलमान’ ही भैरउ रागातील ओळ वारंवार पुढे केली जाते. तिच्या पदाचे शीर्षक ‘महला ५’, म्हणजे गुरू अर्जनदेवांचे. नाममुद्रा मात्र कबीराची. पद पाचव्या गुरूंनी कबीराच्या सुरात रचले, असे समजणे शीर्षकाशी जुळते. शीख विवाहविधीला मान्यता देणारा आनंद विवाह कायदा १९०९ चा. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील एका स्पष्टीकरणात ‘हिंदू’ या शब्दात शीखांचा समावेश आहे, त्यावर आक्षेप घेतले गेले आहेत.

ग्रंथातील नामदेवांची ६१ पदे हा स्वतंत्र विषय. ती आणि मराठी अभंग एकाच नामदेवांचे काय, याबद्दल मतभेद आहेत. आसा रागातील ‘आनीले कुंभ भराईले ऊदक’ यातील लकारान्त रूपे मराठीची आठवण देतात, परंतु असा लकार पूर्वेकडील भाषांतही असल्याने केवळ त्यावरून निर्णय करता येत नाही.