लष्करातून निवृत्त झालेलं १९११ पिस्तूल: कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. ग्रीन कार्डावर हे पिस्तूल मिळत नाही. एच-१बी व्हिसावर तर नाहीच. दुकानातलं साधं पिस्तूल ग्रीन कार्डवाल्याला विकत घेता येतं, त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना वाटतं की इथेही चालेल. पण लष्कराची ही जुनी पिस्तुलं एक संस्था ज्या कायद्याखाली लोकांना विकते, त्या कायद्यात 'अमेरिकेचा नागरिक' असंच म्हटलेलं आहे. नागरिकत्वाची शपथ झाली असेल, सोबत भारताचं ओसीआय कार्ड असेल, तर काही अडचण नाही.

अमेरिकी लष्कराने .४५ कॅलिबरचं हे पिस्तूल २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. रचना जॉन ब्राउनिंग यांची. पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम अशी चारही युद्धं सैनिकांच्या कमरेला हेच होतं. १९८५मध्ये ९ मिलिमीटरचं बेरेटा आलं आणि १९११ कोठारात गेलं. सुमारे एक लाख पिस्तुलं तिथे पडून होती. नोव्हेंबर २०१५मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सहीने झालेल्या संरक्षण कायद्याने ती विक्रीसाठी याच संस्थेकडे, म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ऊर्फ सीएमपीकडे, वर्षाला जास्तीत जास्त १०,००० या हिशेबाने देण्याची वाट मोकळी केली. प्रत्यक्ष हस्तांतर मात्र डिसेंबर २०१७च्या कायद्यानंतर मार्गी लागलं आणि अर्जांची पहिली फेरी ४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०१८ अशी झाली.

सीएमपी हे सरकारी खातं नाही. १९०३मध्ये नागरिकांना नेमबाजी शिकवण्यासाठी जे राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं, त्याचा हा वारसा. १९९६मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली. ओहायोतलं कॅम्प पेरी आणि अलाबामातलं अ‍ॅनिस्टन ही तिची दोन मुख्य ठाणी. पिस्तुलांचं काम अ‍ॅनिस्टनहून चालतं.

पात्रता

नागरिकत्व, वय, क्लबचं सभासदत्व, नेमबाजीचा पुरावा आणि स्वच्छ पार्श्वभूमी: या पाचांपैकी एकही सुटता कामा नये.

वय २१ पूर्ण हवं. रायफल १८व्या वर्षी मिळते, पण परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घ्यायला केंद्रीय कायद्याने २१ लागतात.

क्लबच्या अटीला लोक घाबरतात, ते उगाच. सीएमपीशी संलग्न असलेल्या कुठल्याही क्लबचं सभासदत्व चालतं. तुमच्या गावाजवळची नेमबाजीची रेंज संलग्न असण्याची शक्यता बरीच असते, तिथे नुसतं विचारा. जवळपास काहीच नसेल तर गॅरंड कलेक्टर्स असोसिएशन या रायफल-संग्राहकांच्या संघटनेचं सभासदत्व घरबसल्या घेता येतं आणि तेही मान्य आहे. तरीही माझं आग्रहाचं सांगणं असं की जवळच्या रेंजवरच जा. पुढे हे पिस्तूल चालवायला कुठेतरी जावंच लागणार आहे. तिथली म्हातारी नेमबाज मंडळी, ज्यांनी हेच पिस्तूल गणवेशात असताना वापरलेलं असतं, ती तुम्हाला अर्ध्या तासात जे शिकवतील ते वाचून येत नाही.

नेमबाजीचा पुरावा म्हणजे तुम्ही शस्त्र हाताळलेलं आहे, याचा कागद. लष्करी किंवा पोलीस सेवेचा दाखला, एखाद्या स्पर्धेचा निकाल, प्रत्यक्ष गोळीबार असलेल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र जवळ बाळगण्याचा राज्याचा परवाना, यांपैकी काहीही चालतं. आपल्यातल्या बहुतेकांकडे सेवेचा दाखला नसणार. त्यांनी रेंजवर जाऊन प्रशिक्षकासमोर गोळ्या झाडाव्यात आणि सीएमपीच्या ठरावीक फॉर्मवर त्याची सही घ्यावी. साठी ओलांडलेल्यांना या एका अटीतून सूट आहे. नागरिकत्व आणि क्लब यांतून मात्र कोणालाच सूट नाही.

राहता राहिला राज्याचा कायदा. सीएमपीने हो म्हटलं तरी तुमचं राज्य वेगळं काही मागू शकतं. न्यू जर्सीत पिस्तूल खरेदीचा वेगळा परवाना आधी काढावा लागतो, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे शस्त्रधारकाचं ओळखपत्र, न्यूयॉर्कमध्ये पिस्तुलाचं लायसन्स. कॅलिफोर्नियात सुरक्षा प्रमाणपत्र लागतं आणि दहा दिवस थांबावं लागतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांची संख्या पाहता तिथल्यांनी परवान्यापासूनच सुरुवात करावी, सीएमपीच्या अर्जापासून नव्हे.

नावाची गोष्ट

इथे थोडं थांबतो, कारण आपली माणसं अडकतात ती इथेच.

आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. अमेरिकेत आल्यावर हे तीन पदर प्रत्येक कागदावर वेगळे पडतात. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर पूर्ण नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर, क्लबच्या कार्डावर तेही नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या पासपोर्टवर एक आडनाव आणि जुन्या प्रमाणपत्रावर दुसरं. बँकेत हे खपून जातं. शस्त्राच्या अर्जात खपत नाही, कारण हाच मजकूर एफबीआयच्या तपासणीत जातो आणि एकसारख्या नावांची माणसं तिथे ढिगाने असतात. माझी स्वतःची पहिली तपासणी याच कारणाने लांबली. लायसन्सवर वडिलांच्या नावाचं एक अक्षर होतं, अर्जात मी पूर्ण नाव लिहिलं होतं.

म्हणून अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि नावाची अक्षरं एकेक करून जुळवा. फरक असेल तर आधी लायसन्स दुरुस्त करून घ्या. सोशल सिक्युरिटी क्रमांक देणं फॉर्मवर ऐच्छिक असतं, पण तो द्याच, नामसाधर्म्याचा घोळ त्याने खूप कमी होतो. ज्यांची तपासणी दर वेळी रखडते, त्यांच्यासाठी एफबीआयची एक सोय आहे: 'व्हॉलंटरी अपील फाइल'मध्ये बोटांचे ठसे आणि कागद देऊन स्वतःचा एक ओळख क्रमांक मिळवता येतो. पुढच्या प्रत्येक खरेदीत तो क्रमांक फॉर्मवर लिहायचा. माझ्या मते वारंवार अडकणाऱ्या प्रत्येक मराठी नेमबाजाने हे काम एकदा करून टाकावं.

पाकिटात काय घालायचं

सीएमपीच्या संकेतस्थळावरून चालू फेरीचा संच उतरवून घ्या, जुन्या फेरीचे फॉर्म वापरू नका. संचात मागणीपत्र असतं आणि पात्रतेचं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रावरची सही नोटरीसमोरच करायची. घरून सही करून नेलीत तर नोटरी शिक्का मारणार नाही. अनेक बँका आपल्या खातेदारांना हे काम फुकट करून देतात.

नागरिकत्वाच्या पुराव्यासाठी अमेरिकी पासपोर्टची किंवा नागरिकत्व प्रमाणपत्राची प्रत जोडा. इथे जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला. ड्रायव्हिंग लायसन्स वयाचा आणि पत्त्याचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. कोपऱ्यात तारा असलेलं नवं 'रिअल आयडी' असलं, तरी तेही नाही. त्यानंतर क्लबच्या कार्डाची प्रत, नेमबाजीच्या पुराव्याची प्रत, आणि ज्या स्थानिक विक्रेत्याकडे पिस्तूल पाठवायचं आहे त्याच्या केंद्रीय लायसन्सची प्रत. क्लबच्या कार्डावरची मुदत बघा. संपलेलं कार्ड म्हणजे अर्धवट अर्ज.

विक्रेत्याबाबत संग्राहकांचा एक गैरसमज सांगायला हवा. ज्यांच्याकडे जुन्या शस्त्रांच्या संग्रहाचं '०३' प्रकारचं लायसन्स असतं, त्यांना वाटतं की पिस्तूल थेट घरी येईल. सीएमपीच्या रायफली काही जणांकडे तशा येतातही. पण पिस्तुलांसाठी कायद्याने सीएमपीलाच विक्रेत्याचं लायसन्स घ्यायला लावलं आहे, आणि पिस्तूल दुकान चालवणाऱ्या परवानाधारकाकडेच जातं. आधी दुकानात जाऊन विचारा की ते असं पार्सल स्वीकारतील का आणि हस्तांतराचे किती पैसे घेतील. दर दुकानागणिक बदलतात.

पहिल्या फेरीत पाकीट टपालानेच जायचं. अ‍ॅनिस्टनला गाडीने जाऊन हातात देतो म्हटलं तर घेत नव्हते. मुदतीच्या आधीच्या तारखेचा पोस्टाचा शिक्का असलेले अर्जही बाद होते.

त्यानंतर काय होतं

कागद पूर्ण असतील तर सीएमपी तुमची एफबीआयकडून पहिली तपासणी करून घेते. पहिल्या फेरीत ती पार झाली की संगणक प्रत्येक अर्जदाराला एक आकडा द्यायचा. तो नशिबाने पडायचा. पाकीट पहिल्या दिवशी पोचलं की शेवटच्या, याने फरक पडला नाही. आकडा लहान असेल तर सीएमपीचा फोन लवकर यायचा. पिस्तुलांपेक्षा मागणी कितीतरी जास्त असल्याने ही पद्धत मला न्याय्य वाटते. रात्रभर रांगेत उभं राहणाऱ्याला जास्त हक्क, असा प्रकार त्यात नाही. पहिल्या फेरीत एका माणसाला वर्षाला एकच पिस्तूल, अशी मर्यादा होती.

फोन येतो तेव्हा तुम्हाला दर्जा निवडायचा असतो, म्हणून तो आधीच ठरवून ठेवा. पहिल्या फेरीत सर्व्हिस ग्रेड १,०५० डॉलर, फील्ड ग्रेड ९५० आणि रॅक ग्रेड ८५० डॉलरला होतं. दुर्मीळ नग लिलावात जातात. सर्व्हिस आणि फील्ड ही दोन्ही लष्करात पुन्हा वाटप करता येईल अशा अवस्थेतली असतात, फील्डवर गंजाचे खड्डे आणि झीज थोडी अधिक. रॅक ग्रेडचं पिस्तूल चालतं, पण मुठीच्या पट्ट्या फुटलेल्या असू शकतात आणि थोडं काम करून घ्यावं लागतं. नेमबाजीसाठी घेणाऱ्याने फील्ड घ्यावं, असं मी निःसंकोच सांगेन. वरचे १०० डॉलर काडतुसांवर खर्च केलेले बरे.

संग्राहकाने मात्र एक गोष्ट मनाशी पक्की करून जावं: कोणत्या कारखान्याचं पिस्तूल हवं, ते निवडता येत नाही. आणि खरी मजा तर कारखान्यांच्या नावांतच आहे. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल बनवणारी कोल्ट कंपनी एकटी पुरी पडेना, म्हणून टाइपरायटर करणाऱ्या रेमिंग्टन रँडने, रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने आणि शॉटगन करणाऱ्या इथाकाने ही पिस्तुलं बनवली. आपल्या आजीच्या शिलाई मशिनवर ज्या सिंगरचं नाव असायचं, त्याच सिंगरने ५०० पिस्तुलं केली, आणि संग्राहक आज त्यांच्यासाठी प्रचंड किंमत मोजतात. लष्कराच्या दुरुस्ती कारखान्यांत ही पिस्तुलं वारंवार उघडली गेली, सुटे भाग एकत्र टाकले गेले, हाताला येतील तसे बसवले गेले. त्यामुळे फ्रेम (खालचा सांगाडा) कोल्टची आणि स्लाइड (वरचा सरकणारा भाग) रेमिंग्टन रँडची, असं बहुधा मिळतं. कोणी त्याला 'भेसळ' म्हणतं. मला ते पटत नाही. ती जोडणी लष्करानेच केलेली आहे, आणि त्या पिस्तुलाने किती वेळा सेवा केली त्याची ती नोंद आहे.

पैसे भरल्यावर पिस्तूल विक्रेत्याकडे पोचतं आणि तिथे दुसरी तपासणी होते. ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म तुम्ही स्वतः भरायचा. त्यात विचारतात की खरे खरेदीदार तुम्हीच आहात का. ग्रीन कार्डवाल्या मित्रासाठी किंवा भावासाठी त्याचे पैसे घेऊन आपल्या नावावर उचलणं हा केंद्रीय गुन्हा आहे. गांजाबद्दलही प्रश्न असतो. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी या फॉर्मपुरता केंद्रीय कायदाच लागू, हे फॉर्मवरच लिहिलेलं असतं. निकाल तीन प्रकारचा येतो: द्या, थांबा किंवा नाही. 'थांबा' आलं तर घाबरू नका, नावाची गोष्ट वर सांगितलीच आहे.

आणखी एक, कारण हे नेहमी विचारलं जातं. हे पिस्तूल सुट्टीला पुण्याला किंवा कोल्हापूरला नेता येत नाही. अमेरिकेतून बाहेर काढायला इकडचे निर्यातीचे नियम आहेत, आणि भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना व आयातीची परवानगी लागते. तिकडच्या भाच्याला दाखवायचं असेल तर फोटो दाखवा.

घरी आणल्यावर

आधी रिकामं आहे का ते दोनदा बघा: मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये बोट घाला. मग रीकॉइल स्प्रिंग, म्हणजे गोळी सुटल्यावर स्लाइडचा झटका झेलणारी स्प्रिंग, बदला. जुनी स्प्रिंग थकलेली असते आणि फ्रेमला मार बसतो, नवी काही डॉलरला मिळते. साधी २३० ग्रेनची (हे गोळीचं वजन) काडतुसं वापरा, जास्त दाबाची नकोत. पॉलिश, नवं रंगकाम, नवी साइट यांतलं काहीही करू नका. राखाडी झालेला तो लष्करी मुलामा एकदा घासला की परत येत नाही, आणि संग्रहातली किंमतही त्याबरोबर जाते. रेंजवर नॅशनल मॅच कोर्स, म्हणजे पिस्तूल स्पर्धांतला ठरलेला क्रम, करून बघा: ५० यार्डांवर १० मिनिटांत १० गोळ्या, मग २५ यार्डांवर पाच-पाच गोळ्या २० सेकंदांत दोनदा आणि १० सेकंदांत दोनदा. एक किलोच्या वर वजनाचं हे पिस्तूल एका हाताने धरून हे करताना पहिल्या दिवशी खांदा भरून येईल.

घरात मुलं असोत वा नसोत, पिस्तूल कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. अनुक्रमांक, फ्रेमवरचे निरीक्षकाचे शिक्के आणि स्लाइडवरचं कारखान्याचं नाव यांचे फोटो काढा, आणि ते सीएमपीच्या कागदांसोबत एका फायलीत लावून ठेवा. उद्या मुलाने किंवा मुलीने हे पिस्तूल हातात घेतलं, तर त्यांना कळायला हवं की ते कुठून आलं.