‘अशोक मा. मा.’ या नावामागे कोल्हापूर

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी कलर्स मराठीवर ‘अशोक मा. मा.’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या अशोक सराफ यांना बऱ्याच काळाने मराठी मालिकेत मुख्य भूमिकेत पाहण्याचे समाधान प्रेक्षकांना मिळाले. नायक अशोक माजगावकर याच्या नावाशी जुळवून घेतलेल्या या शीर्षकातली ‘मामा’ ही हाक मात्र मूळची आपल्या कोल्हापूरची आहे. येथे एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना छायाचित्रकार प्रकाश शिंदे आपल्या लहान मुलीला सेटवर घेऊन येत आणि तिला ‘हे अशोकमामा’ अशी ओळख करून देत. पुढे तेही तसेच म्हणू लागले, मग सगळे युनिट, आणि हळूहळू सारा महाराष्ट्र. हा प्रसंग सराफ यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलेला आहे.

चित्रपट आणि रंगभूमी हीच त्यांची मुख्य कर्मभूमी, त्यामुळे त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कामाची नोंद बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते, आणि हा त्या कामावर अन्याय आहे, असे मला वाटते. १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘हम पांच’ सुरू झाली. पाच मुलींचा बाप आनंद माथुर घरातल्या गोंधळाला कंटाळून भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीकडे वळतो आणि तसबिरीतली दिवंगत पहिली पत्नी, म्हणजे प्रिया तेंडुलकर, त्याला उलट उत्तरे देते. समोर फक्त एक चौकट, आणि तरीही त्या संवादात नवऱ्याचा धाक, लाड आणि अगतिकता एकाच वेळी दिसे. मंगळवार पेठेत आमच्याकडे केबल नवीनच आली होती. हिंदी फारसे न समजणारी आजीसुद्धा ‘आपले अशोकमामा’ म्हणून ती मालिका शेवटपर्यंत बसून पाहायची. पुढे ‘डोन्ट वरी हो जायेगा’ ही हिंदी मालिका आली, तर मराठीत ‘टन टना टन’.

त्यांच्या पत्नी, अभिनेत्री निवेदिता सराफ यांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. वडील गजन जोशी नट, आई विमल जोशी आकाशवाणीवर; म्हणजे अभिनय आणि आवाज दोन्ही माहेरूनच आलेले. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) आणि ‘धुमधडाका’ (१९८५) यांनी त्यांना घराघरांत पोहोचवले. १९९० मध्ये अशोक सराफ यांच्याशी लग्न झाले आणि मुलगा अनिकेतच्या जन्मानंतर त्यांनी कामातून दीर्घ विश्रांती घेतली. अनिकेतने पुढे आईवडिलांचे क्षेत्र न निवडता शेफ होणे पसंत केले.

निवेदिताताईंना नव्या पिढीपर्यंत नेले ते जुलै २०१९ मध्ये झी मराठीवर आलेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ने. सासरे आणि मुलगा यांच्या तैनातीत आयुष्य घालवलेली विधवा आसावरी, आणि तिचे दुसरे लग्न लावून देण्यासाठी पुढाकार घेणारी सून शुभ्रा, ही कल्पनाच मालिकांच्या सासू-सुनेच्या चाकोरीला छेद देणारी होती. हाक आली की हातातले काम टाकून धावणारी, स्वतःसाठी काही मागताना शब्द अडखळणारी आसावरी त्यांनी इतकी ओळखीची केली, की घरोघरच्या आया तिच्यात स्वतःला पाहू लागल्या. तिचा दुसरा नवरा अभिजित राजे, म्हणजे गिरीश ओक, हाही पेशाने शेफच. नंतर ‘भाग्य दिले तू मला’ मध्ये त्यांनी रत्नमाला मोहिते ही सर्वस्वी वेगळी, करारी स्त्री उभी केली.

२ डिसेंबर २०२४ ला स्टार प्रवाहवर त्यांची ‘आई आणि बाबा रिटायर होत आहेत’ सुरू झाली, ‘अशोक मा. मा.’च्या बरोबर आठवडाभराने. तिकडे नातवंडांना शिस्त लावू पाहणारे मामा, इकडे संसारातून निवृत्ती मागणारी शुभा. एकाच घरातली दोन माणसे दोन वाहिन्यांवर मुख्य भूमिकांत रोज कॅमेऱ्यासमोर उभी राहू लागली. जानेवारी २०२५ मध्ये अशोक सराफ यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा दोन्ही मालिका चालू होत्या.