रन (इंग्रजी शब्द)

रन हा इंग्रजीतील क्रियापद आणि नाम अशा दोन्ही रूपांत चालणारा शब्द. मूळ अर्थ धावणे, पळणे. भूतकाळी रूप 'रॅन', भूतकालवाचक धातुसाधित पुन्हा 'रन'. शाळेत हा शब्द पहिल्या काही धड्यांतच भेटतो आणि तिथे त्याचा एकच अर्थ शिकवला जातो. पुढे मात्र इंग्रजीत नदी 'रन' होते, यंत्र 'रन' होते, नाटक, रस्ता, करार आणि सर्दी झालेले नाकही 'रन' होते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या क्रियापदाकडे होता. त्याचे 430 अर्थ तिथे दिले होते. चालू सुधारणेत 'रन'ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा एकट्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या संपादकाला त्यासाठी सुमारे नऊ महिने लागले. अर्थात हा आकडा कोशकार अर्थाचे किती बारीक पदर काढतो यावरही अवलंबून असतो, तेव्हा त्याला अंतिम सत्य मानू नये.

शब्द जर्मॅनिक कुळातला. जुन्या इंग्रजीत 'रिन्नन' हे अकर्मक क्रियापद होते आणि त्यातला 'र' मागेपुढे होऊन 'इर्नन' असेही रूप वापरात होते. धावायला लावणे, घोडा दौडवणे यासाठी मात्र वेगळे प्रयोजक क्रियापद होते. म्हणजे मराठीत 'पळणे–पळवणे', 'चालणे–चालवणे' अशी जी जोडी आपण सहज वापरतो, तशीच सोय तिथेही होती. मध्ययुगात स्कॅन्डिनेव्हियन भाषेतल्या सारख्याच शब्दांची भर पडली, दोन्ही क्रियापदे एकमेकांत मिसळली आणि सोळाव्या शतकापर्यंत 'रन' हे एकच रूप रूढ झाले. अर्थांची गर्दी वाढण्यामागे हे एक मोठे कारण आहे. धावणाऱ्याचे आणि धाववणाऱ्याचे, दोघांचेही काम एकाच शब्दावर आले. वाहणे हा अर्थही नंतर रूपकाने चिकटलेला नाही, तो मुळातच होता. जर्मनमध्ये 'रेनेन' म्हणजे वेगाने धावणे आणि 'रिनेन' म्हणजे पाझरणे, वाहणे, असे ते दोन सोयरे आजही वेगळे नांदतात.

यंत्रयुगाने या शब्दाला नवे क्षेत्र दिले. इंजिन, घड्याळ, गिरणी, पुढे रेल्वे आणि वीज, सगळे इंग्रजीत 'रन' होऊ लागले. इथे वेगाला महत्त्व नाही; थांबा न घेता काम होत राहणे हा अर्थ आहे. या जागी मराठी 'चालणे' वापरते. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाटक जोरात चालते. फ्रेंच यंत्रही 'मार्श' म्हणजे चालतेच. जर्मन यंत्र मात्र इंग्रजीसारखे धावते. त्यामुळे इंग्रजीतला 'रन' मराठीत आणताना डोळे झाकून 'धावणे' लिहिले की वाक्य हमखास फसते. संगणकाने हाच यंत्राचा अर्थ उचलला. 1964 साली डार्टमथ महाविद्यालयात तयार झालेल्या बेसिक या भाषेत लिहिलेला प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञाच 'रन' अशी होती. त्या क्षेत्रातला औपचारिक पर्याय 'एक्झिक्यूट', पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या तोंडी 'रन'च असते.

सकर्मक 'रन'चा सर्वांत वापरातला अर्थ म्हणजे संस्था, व्यवसाय किंवा घर चालवणे. 'मॅनेज', 'ऑपरेट', 'अॅडमिनिस्टर', 'डायरेक्ट' हे त्याचे समानार्थी म्हणून कोशांत एका ओळीत बसतात, तरी बोलताना ते एकमेकांच्या जागी खपत नाहीत. एखादी बाई कंपनी 'मॅनेज' करते म्हटले की ती पगारी व्यवस्थापक असू शकते. ती कंपनी 'रन' करते म्हटले की सूत्रे तिच्या हातात आहेत असा सूर लागतो. 'ऑपरेट' यंत्राकडे आणि तांत्रिक हाताळणीकडे झुकते, 'अॅडमिनिस्टर'ला सरकारी कागदांचा वास आहे.

प्रत्यक्ष पळण्यासाठी तर इंग्रजीत पर्यायांचा सुकाळ आहे आणि त्यांतला फरक पळणाऱ्याच्या वेगात, कारणात किंवा आकारात असतो. 'स्प्रिंट' म्हणजे थोडे अंतर जीव तोडून पळणे, 'जॉग' म्हणजे दमाने, व्यायामासाठी. 'डॅश'मध्ये घाई आहे. 'बोल्ट' म्हणजे बुजलेल्या घोड्यासारखे अचानक उधळणे. 'स्कॅम्पर' लहान मुले आणि छोटे प्राणी करतात. धिप्पाड पैलवानाला हा शब्द लावला तर हसू येईल. 'ट्रॉट', 'कॅंटर' आणि 'गॅलप' या घोड्याच्या चढत्या चाली. 'फ्ली' म्हणजे जीव वाचवून पळणे, तेही जरा पुस्तकी. 'रन' यांतल्या बहुतेकांच्या जागी उभा राहू शकतो, उलट मात्र होत नाही. खरे तर या शब्दाला पूर्ण समानार्थी नाहीच, प्रत्येक अर्थाला आपापला वेगळा समानार्थी आहे.

द्रवाच्या अर्थी 'फ्लो' आणि 'स्ट्रीम' हे जवळचे. कपड्याचा रंग धुताना पसरला तरी तो 'रन' झाला. अमेरिकेत पायमोज्याचा धागा सुटून उभी रेघ पडली की तिला 'रन' म्हणतात, ब्रिटनमध्ये तिलाच 'लॅडर', म्हणजे शिडी. चीज करताना दूध साकळवणारे 'रेनेट' हेही याच कुळातले मानले जाते. दुधाचे कण एकत्र धावून येतात अशी त्यामागची कल्पना. काही ठिकाणी मात्र हालचाल पार नाहीशी होते. विहीर 'रन ड्राय' होते म्हणजे आटते, पुरवठा 'रन शॉर्ट' होतो म्हणजे कमी पडतो. इथे 'रन'चा अर्थ केवळ 'होणे' इतकाच उरतो आणि समानार्थी म्हणून 'बिकम' किंवा 'गो' लागतो. 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणे, 'रन अ फीव्हर' म्हणजे अंगात ताप असणे.

नाम म्हणून मराठी वाचकाला हा शब्द क्रिकेटमुळे घरचा झाला आहे. अठराव्या शतकात धावांची नोंद काठीवर खाचा पाडून ठेवत, म्हणून धावेला 'नॉच', म्हणजे खाच, असेही म्हटले जाई. पुढे 'रन'ने तिला मागे टाकले. गंमत अशी की चौकार किंवा षटकार मारणारा फलंदाज जागचा हलला नाही तरी त्याच्या नावावर चार किंवा सहा 'रन' लागतात. बेसबॉलमध्ये चारही बेसना क्रमाने शिवून परतले की एकच 'रन' होते.

अर्थशास्त्रातला 'बॅंक रन' वेगळाच. बॅंक बुडणार या भीतीने ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात. ठेवींचा मोठा भाग कर्जात गुंतलेला असल्याने धडधाकट बॅंकही या रेट्याने कोसळू शकते. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बॅंकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या होत्या. 9 मार्च 2023 रोजी अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बॅंकेतून एका दिवसात सुमारे 42 अब्ज डॉलर काढण्याची मागणी झाली, आणि त्यासाठी बहुतेकांना रांगेत उभेही राहावे लागले नाही. प्राणिजगतात सॅमन मासे अंडी घालायला नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात तोही 'रन'. संगीतात भरभर घेतलेल्या स्वरांच्या ओळीला 'रन' म्हणतात. आपल्या तानेशी तिचे नाते लगेच लक्षात येते.

निवडणुकीत अमेरिकी उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टॅंड' करतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला म्हणतात तो 'रनिंग मेट' हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. तिथे तो मुख्य घोड्याला वेग राखायला मदत करणारा, त्याच तबेल्यातला दुसरा घोडा असे.

शिकणाऱ्याची खरी दमछाक होते ती मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांनी. 'रन इंटू' म्हणजे आदळणे, आणि कुणाशी अवचित गाठ पडणेही. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे, वेळेपेक्षा लांबणे, किंवा एखादी यादी भरभर नजरेखालून घालणे. 'रन डाउन'मध्ये गाडीने धडक देणे, निंदा करणे आणि बॅटरी उतरणे असे तिन्ही येतात. 'रन अप' करून बिल फुगवता येते, झेंडा चढवता येतो किंवा घाईघाईत कपडाही शिवता येतो. यांची यादी पाठ करून फारसा उपयोग होत नाही. वाक्यात कर्ता कोण आणि कर्म काय हे पाहिले की अर्थ बहुधा हाती लागतो.

'रनिंग' या रूपाला 'सलग' असाही अर्थ आहे. 'थ्री डेज रनिंग' म्हणजे लागोपाठ तीन दिवस. शिवणकामातला 'रनिंग स्टिच' मराठीत 'धावदोरा' झाला आहे, आणि इथे मात्र धावणेच चपखल बसले. 'रनआउट', 'रनरेट', 'ट्रायल रन' हे शब्द मराठीने जसेच्या तसे घेतले, तर 'रनर-अप'साठी 'उपविजेता' रुळला.