पत्राजोड (मोटार)

मोटारीचे बोनेट, मडगार्ड, बंपर, पोटाखालची झाकणे असे बाहेरचे भाग सांगाड्यावर काढता-घालता येतील अशा रीतीने धरून ठेवणारे बोल्ट, नट, स्क्रू, क्लिपा, रिव्हेट व पाव फेऱ्याची कुलपे यांचा समावेश पत्राजोडात होतो. पत्रा लोखंडी असो, ॲल्युमिनियमचा असो की काचतंतूचा, जोडाची कामे दोनच : भाग जागच्या जागी धरणे आणि उन्हाने तो वाढला तर त्याला थोडे सरकू देणे. दुरुस्ती करताना दुसऱ्या कामाचा बहुधा विसर पडतो. स्पोर्ट्‌स मोटारीची घडण बसकी व आटोपशीर असल्याने साध्या कामासाठीही तिचे पत्रे उतरवावे लागतात. परिणामी आटे झिजणे, माथे गोल होणे व आतला नट सुटून फिरणे हे दोष तिच्यात लवकर दिसतात.

विदर्भाच्या ग्रामीण भागात स्पोर्ट्‌स मोटार विरळाच. एखाद्याने जुनी गाडी हौसेने जपली असेल, तर तिचे काम ट्रॅक्टर, जीप व मारुतीवर हात बसलेल्या तालुक्याच्या मिस्त्रीकडेच जाते. हा हात चांगला तयार असतो. अडचण येते ती सामानाची आणि मापांची.

उगम : बोल्टांनी जोडलेल्या पत्र्यांची भारतीय रस्त्यांवर आलेली सर्वांत परिचित गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडमध्ये ट्रायंफ हेराल्ड १९५९ मध्ये बाजारात आली. तिची आखणी इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडियाने ती १९६१ पासून येथे आणली. याच कुळातली स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार १९६२ ची. दोन्हींत मडगार्डांसह संपूर्ण नाक पुढच्या बाजूला उलटते व इंजिन चहूबाजूंनी मोकळे होते. बहुतेक गाड्यांची बॉडी व सांगाडा एकजीव होऊ लागले असताना हेराल्डने वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी बसणारे सुटे भाग हा जुना मार्ग का धरला, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार परदेशांत सुटे भाग पाठवून तेथेच गाडी जोडता यावी, हा त्यामागचा मूळ हेतू होता. मद्रासमधील उत्पादन याच मताच्या पुष्टीसाठी पुढे केले जाते. दुसरे मत कारखान्याच्या अडचणीवर बोट ठेवते. बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली. एकसंध बॉडी दाबून देणारा मोठा पुरवठादार उरला नाही, म्हणून निरनिराळ्या ठिकाणी घडवलेले लहान भाग बोल्टांनी जोडण्याची रचना स्वीकारावी लागली. घटनाक्रम पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. परदेशी जोडणीची सोय हा त्या रचनेचा पुढे मिळालेला फायदा मानणे योग्य ठरेल.

सुट्या जोडांचा इतिहास मात्र मोटारीपेक्षा शेगडी व विमान यांच्याशी अधिक निगडित आहे. पातळ पत्र्यावर सरकवायचा स्प्रिंगदार नट अमेरिकेतील टिनरमन यांच्या शेगडीच्या कारखान्यात, बहुधा १९२० च्या दशकात, तयार झाला. साधा नट आवळताना शेगडीवरचा मिन्याचा थर तडकत असे, हे त्याचे निमित्त. एका बाजूने बसवता येणारा आट्यांचा रिव्हेट गुडरिच कंपनीने १९३० च्या दशकात विमानाच्या पंखांवरील बर्फरोधक रबरी आवरणे पक्की करण्यासाठी काढला. फिरू लागलेला आतला नट कापून टाकल्यावर आज त्या भोकात हाच रिव्हेट बसवतात.

मापे व आटे : विदर्भात वखर, डवरा, बंडी यांचे बोल्ट अजूनही सुताने मागितले जातात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मारुती व तिच्यानंतरच्या गाड्यांनी मिलिमीटर रुजवले. जुन्या इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारीचे काम या दोन्हींच्या सांध्यावर येते आणि नुकसान तेथेच होते. दोन सुताचा बोल्ट ६.३५ मिमी. जाडीचा, तर त्याच्या जवळचा मेट्रिक बोल्ट ६ मिमी.चा. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी.; हा ८ मिमी.च्या इतका जवळ आहे की डोळ्यांना फरक कळत नाही. आट्यांचा फरक मात्र मोठा आहे. हेराल्ड-स्पिटफायरमधील अडीच सुती बारीक आट्याच्या बोल्टला इंचात २४ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिमी. अंतर असते, ८ मिमी.च्या नेहमीच्या बोल्टला ते १.२५ मिमी. असते. बोल्ट दोन-तीन फेरे सहज जातो, मग जड होतो. येथे पाना लावून जोर केला की आतल्या नटाचे आटे कायमचे जातात.

हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा सुती बोल्टही येथे उपयोगाचा नाही. त्याचे आटे बहुधा व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी पद्धतीचे, ५५ अंशांच्या कोनाचे, आणि दोन सुताला इंचात २० असतात. इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनी १९४८ मध्ये मान्य केलेल्या युनिफाइड पद्धतीचा कोन ६० अंशांचा आहे व तिच्या बारीक मालिकेत दोन सुताला २८ आटे येतात. इंग्रजी युनिफाइड बोल्टाच्या माथ्यावर गोल खळगा किंवा एका कडेने कोरलेली वर्तुळे दिसतात. गंज घासून काढल्यावर आधी हीच खूण पाहावी. पान्याबाबतही तसेच आहे. अडीच सुती बोल्टाचा माथा १२.७ मिमी.चा असल्याने १३ चा पाना त्यावर सैल बसतो व कोपरे खातो. जपानी वळणाच्या गाड्यांत ८ मिमी. बोल्टाला १२ चा माथा, युरोपीय गाड्यांत १३ चा, ६ मिमी.ला दोन्हीकडे १० चा. नवा बोल्ट घेण्यापूर्वी जुन्याचे आटे पिच गेजने (आट्यांतील अंतर मोजणाऱ्या दातेरी पट्ट्यांनी) मोजणे आणि नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का हे पाहणे, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तरी बरेचसे नुकसान टळते.

शोध : मडगार्ड निघत नसेल तर एखादा बोल्ट राहिलेला असतो. बोनेटच्या कडेची रांग सर्वांना दिसते. दार उघडल्यावरच्या फटीतला, चाकावरच्या अस्तरामागचा, दिव्याच्या मागचा आणि पायरीखाली चिखलात बुजलेला बोल्ट नजरेतून सुटतो. काळ्या मातीच्या भागात हा शेवटचा बोल्ट सर्वाधिक कुजतो, कारण मातीचा लपका पावसाळाभर त्याच्याशी ओल धरून राहतो. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवणे हा गॅरेजमधील प्रघात योग्यच आहे.

दर्जावाढ : चकचकीत स्टेनलेस बोल्ट लावला म्हणजे जोड सुधारला, हा समज सार्वत्रिक आहे. माथ्यावर ८.८ अंकित असलेल्या पोलादी बोल्टाची ताणशक्ती किमान ८०० मेगापास्कल, तर ए२-७० प्रकारच्या स्टेनलेसची ७००. कायमचा ताणला जाण्याची मर्यादा पाहिली तर अंतर आणखी वाढते : अनुक्रमे सुमारे ६४० व ४५०. मडगार्डासाठी स्टेनलेस पुरेसा आहे. बिजागरी, सीटबेल्ट किंवा चासीच्या जोडावर तो सरसकट लावू नये. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळल्यास आटे एकमेकांत चिकटून बसतात, म्हणून आट्यांना ग्रीस किंवा तांब्याचा लेप द्यावा. वजन घटवण्यासाठी टायटॅनियमचे बोल्टही लावतात; टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे ५६ टक्के आहे. ६ मिमी. जाडीचा, २० मिमी. लांबीचा पोलादी बोल्ट सुमारे ६ ग्रॅमचा भरतो, म्हणजे प्रत्येकी अडीच ग्रॅमच्या आसपास बचत. शर्यतीबाहेर या खर्चाचे समर्थन करणे कठीण आहे.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. तेथील बोअरचे पाणी खारे. त्याने गाडी धुतली की दोन धातूंच्या सांध्यात क्षार राहतात व विद्युत्‌-रासायनिक गंज सुरू होतो. ॲल्युमिनियमच्या बोनेटमध्ये उघडा स्टेनलेस बोल्ट असेल तर झिज बोल्टाची होत नाही, भोकाभोवतीच्या ॲल्युमिनियमची होते. कार्बनतंतूच्या पत्र्यात ॲल्युमिनियमचा रिव्हेट असेल तर उलट रिव्हेटच संपतो. उपाय नायलॉनच्या चक्तीचा (वॉशर) व बाहीचा (बोल्टाभोवतीची नळी) आहे. शेवटचे पाणी गोडे असावे, ही काळजी त्याहून स्वस्त. या पट्ट्यात साध्या जस्तलेपाऐवजी जस्तपापुद्र्याचा (झिंक फ्लेक) राखाडी लेप दिलेले बोल्ट घेणे हितावह ठरते.

उष्णता : मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हातला गडद पत्रा हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापतो. हिवाळ्यातील पहाट व उन्हाळ्यातील दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ६० अंशांचा फरक धरला, तर एक मीटर लांबीचे पोलाद सुमारे ०.७ मिमी. वाढते, नेहमीचे प्लॅस्टिक ४ मिमी.च्या वर. १९८४ च्या पाँटियाक फिएरोत प्लॅस्टिकचे पत्रे पोलादी सांगाड्यावर बसवताना याच कारणाने त्यांना सरकण्याची मुभा ठेवली होती. लांबट भोक बुजवून तेथे घट्ट बोल्ट ठोकणारी दुरुस्ती म्हणूनच पत्रा फुगवते किंवा भोकापासून तडकवते. काचतंतूच्या भागाखाली रुंद चक्ती व धातूची बाही दिली, तर बोल्ट बाहीवर आवळला जातो आणि पत्रा दाबाने चेपत नाही. पातळ पत्र्यातील नटावर ६ मिमी.चा बोल्ट १० न्यूटन-मीटरपलीकडे नेऊ नये. लांब दांड्याच्या पान्याने हा आकडा मनगटाच्या एका झटक्यात ओलांडला जातो. प्लॅस्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ होतात. त्या काढताना तुटणारच असे धरून नव्या आधीच आणून ठेवाव्यात.

पाव फेऱ्याची कुलपे : युक्रेनमध्ये जन्मलेले विल्यम झूस यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत ही रचना विमानाच्या इंजिनझाकणांसाठी केली व तेथून ती शर्यतीच्या गाड्यांत आली. खाचेची खुंटी तारेच्या स्प्रिंगमध्ये पाव फेरा फिरून अडकते. वारंवार उघडायच्या पोटझाकणांसाठी ती उत्तम आहे. धुळीच्या रस्त्यांवर खाच भरून जाते, तेव्हा प्रत्येक वेळी ती ब्रशने साफ करावी लागते.